अणुसंमीलनामुळे वीजबिल कमी होईल का?

प्रश्न : समुद्राच्या पाण्यातून मिळणाऱ्या इंधनावर अणुसंमीलनाने (हलक्या अणूंची केंद्रके जोडून ऊर्जा मिळवण्याच्या प्रक्रियेने) भरपूर वीज तयार होईल, असे वारंवार वाचनात येते. ही वीज येत्या दहा-पंधरा वर्षांत येऊन दर उतरवील का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : एवढ्या मुदतीत दर उतरतील, अशी आशा धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ५ डिसेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २.०५ मेगाज्यूल लेझर ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा मिळाली. हे यश फार मोठे होते. मात्र ते लेझर चालवण्यासाठी सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली होती. फ्रान्समधील ‘ईटर’ या आंतरराष्ट्रीय संमीलन-प्रयोग प्रकल्पात भारत भागीदार असून त्याच्या क्रायोस्टॅटचे (यंत्राभोवतीच्या प्रचंड निर्वात पात्राचे) भाग गुजरातेतील हजिरा येथे घडले, याचा मला अभिमान वाटतो. तरीही २०२४ मधील सुधारित वेळापत्रकानुसार तेथे ड्यूटेरियम व ट्रिटियम या हायड्रोजनच्या दोन जड प्रकारांचे प्रत्यक्ष इंधन २०३९ च्या सुमारास वापरले जाईल, आणि वीजनिर्मिती हा त्या यंत्राचा उद्देशच नाही. काही अमेरिकन कंपन्या याहून बऱ्याच अलीकडच्या तारखा देतात. त्यांतली एखादी खरी ठरली तरी पहिल्या केंद्राची वीज स्वस्त असेल, असे मानण्यास आधार नाही.

दराच्या दृष्टीने इंधन ही बाब गौण आहे. शिवाय समुद्रातून मिळते ते केवळ ड्यूटेरियम. ट्रिटियमचे अर्धायुष्य (निम्मे नष्ट होण्यास लागणारा काळ) सुमारे १२ वर्षेच असल्याने ते निसर्गात साठून राहत नाही आणि अणुभट्टीच्या आवरणातील लिथियमपासून सतत तयार करावे लागेल. संमीलनाची सुमारे ८० टक्के ऊर्जा वेगवान न्यूट्रॉन वाहून नेतात व तेच आतील भिंती झिजवतात. त्या भिंती बदलण्यासाठी केंद्र बंद असेल तेव्हाही कर्जाचे व्याज चालूच राहील. अशा केंद्राच्या विजेचा दर ठरेल तो मुख्यतः बांधणीच्या खर्चावरून आणि ते वर्षातून किती दिवस चालते यावरून.

या विजेची स्पर्धा सौरविजेशी असेल, आणि गुजरातमध्ये डिसेंबर २०२० च्या लिलावात सौरविजेचा दर प्रतियुनिट १.९९ रुपये इतका उतरला होता. त्याखेरीज आपल्या बिलातील स्थिर आकार आणि वहन आकार वीज कोठूनही आली तरी भरावेच लागतात. संमीलनाचे खरे मोल रात्री आणि पावसाळ्यातही कोळशाविना अखंड वीज मिळण्यात आहे, आणि त्यासाठी गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेला भरघोस निधी मिळायला हवा.