‘पालक’ की ‘वाली’?

परभणीच्या एका भगिनींनी विचारले आहे की, बौद्धिक अक्षमता असलेल्या चोवीस वर्षांच्या भावाला त्या व्यवहार समजावून देतात, निर्णय मात्र तोच घेतो. तर अर्जात त्यांनी स्वतःला ‘पालक’ म्हणवावे काय? ‘पालक’चा अर्थ सर्वांना ठाऊक आहे, तो सोडून देतो. मला चीड येते ती अशा प्रौढांपुढे सर्रास ‘अज्ञान’ लिहिण्याची. सातबाऱ्यावर अल्पवयीन खातेदाराच्या नावापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, असे लिहून आईचे नाव घालतात. तेथील ‘अज्ञान’ म्हणजे अठरा वर्षांखालील, एवढेच. अक्षमतेने कोणाचे वय घटत नाही.

मला विचाराल तर या बहिणीला शोभणारा शब्द ‘वाली’. ‘त्याला कोणी वाली नाही’ असे आपण एरवी म्हणतोच. काही पंडित हा शब्द किष्किंधेच्या वालीशी जोडतात; ज्याने सख्ख्या भावाला हाकलून त्याची पत्नी ठेवून घेतली, त्याच्या नावावरून निराधारांचा कैवारी कसा निपजला, हे त्यांनीच सांगावे. दुसरे काही जण निजामकाळच्या कागदांतील ‘वल्द’शी (अमक्याचा मुलगा) त्याचे नाते लावतात, पण तो शब्द अरबी व-ल-द या धातूचा, म्हणजे जन्माचा. ‘वाली’ आला आहे व-ल-य या धातूपासून आणि त्याचा मूळ अर्थ आहे जवळ असणे, लगत असणे. ईश्वराच्या निकटचा तो ‘वली’, ज्यांचे दर्गे आपल्या खुलताबादेत आहेत. त्याचे अनेकवचन ‘औलिया’ मराठीत ‘अवलिया’ होऊन खुशाल एकवचनी झाले. वक्फाचा, म्हणजे धर्मादाय मिळकतीचा, कारभार पाहणारा ‘मुतवल्ली’ही याच घराण्यातला. पुढे इस्लामी कायद्यात वलीच्या, म्हणजे पालकाच्या, हाती अधिकार आला हे खरे, पण मुळात आहे ते सान्निध्य, असे माझे लाडके मत आहे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे कलम १४ या सान्निध्याच्या कल्पनेच्या फार जवळ जाते : मर्यादित पालकत्व म्हणजे परस्पर विश्वासावर, ठरावीक बाबीपुरता व ठरावीक मुदतीपुरता, दिव्यांग व्यक्तीच्या इच्छेनुसार घेतलेला संयुक्त निर्णय. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात मात्र स्थानिक स्तर समिती सरळ पालकच नेमते.

अर्जात ‘वाली’ चालणार नाही, हे मलाही कळते. रीतसर नेमणूक झाली नसेल तर ‘पालक’ लिहू नये. ‘निर्णय-साहाय्यक, नाते : बहीण’ असे लिहावे आणि अर्जदाराच्या जागी सही भावाचीच असावी.