41 ट्यूबा आणि दोन रंग

तुम्ही विचारलंय, "या पावसाळ्यात घेतलेल्या वस्तूंपैकी तुम्हाला कोणत्या आवडल्या? आणि चांगलं साहित्य आणलं की हातून खरंच काही घडतं, की नुसती खरेदीच होते?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्या विषयात माझा हात धरणारं कुणी नाही. नुसती खरेदीच होते. निदान माझ्या बाबतीत सात-आठ वर्षं तेच झालं. मी पुण्यात राहते, एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये काम करते आणि सुट्टीच्या दिवशी जलरंगात चित्रं काढते. म्हणजे असं मी लोकांना सांगत असे. खरं तर सुट्टीच्या दिवशी मी जलरंग बघत असे, मोबाईलवर.

डोळे उघडले ते यंदाच्या जुलैत. चार दिवस पावसाची झड लागली होती, धुतलेले कपडे पंख्याखालीही वाळत नव्हते, वेताळ टेकडी ढगात गडप झाली होती. म्हटलं, आज बसूच. माळ्यावरच्या खोक्यातून कागदाचा ठोकळा काढला. परदेशी, शंभर टक्के कॉटन, 300 जीएसएम, म्हणजे चांगला जाड. चार वर्षांपूर्वी घेतला तेव्हा त्याच्या किमतीत आठवड्याचा किराणा आला असता. वरचं प्लास्टिकसुद्धा फोडलेलं नव्हतं, कारण तो "चांगल्या चित्रासाठी" राखून ठेवला होता. आकाशासाठी मोठ्या ब्रशने फिका निळा हात दिला आणि बघते तर कागदावर गोवर उठल्यासारखे गडद ठिपके. काही ठिकाणी रंग वर थांबेचना, सरळ आत जिरत होता, टिपकागदावर शाई सांडावी तसा.

झालं असं होतं की कागदाची खळ गेली होती. जलरंगाच्या कागदाला सरस किंवा तत्सम काहीतरी पाजलेलं असतं. त्यामुळे पाणी थोडा वेळ वर राहतं आणि आपल्याला रंग हलवायला सवड मिळते. चार पावसाळ्यांची दमट हवा प्लास्टिकच्या आत कोंडली गेली आणि ती खळ बुरशीने खाल्ली. वरून कागद कोरा करकरीत दिसत होता. वीस पानं होती, वीसच्या वीस गेली.

मग हिशेबनीसाच्या सवयीने सगळं जमिनीवर मांडलं आणि स्टॉक घेतला. रंगाच्या ट्यूबा 41, त्यातल्या 19 टोपणसुद्धा न उघडलेल्या. पेन्स ग्रे हा एकच करडा रंग पाच वेगवेगळ्या कंपन्यांचा. वह्या 17, त्यातल्या तीनच वह्यांत पाचाहून जास्त पानं रंगलेली. नवरा चहाचा कप घेऊन दारात उभा होता. तो काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

शाळेत असताना हे असं नव्हतं. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षा मी कॅमलच्या बारा वड्यांच्या एकाच पेटीवर दिल्या. निळी वडी मधोमध खड्डा पडून पत्र्याला टेकली तरी आई दुसरी पेटी आणत नसे. "बाकीच्या अकरा काय बघायला ठेवल्यात?" असं विचारायची. (ही कंपनी दांडेकर बंधूंनी 1931 साली शाईपासून सुरू केलेली. 2011 पासून ती जपानच्या कोकुयोच्या हातात आहे. पण अप्पा बळवंत चौकात आजही कोणी कोकुयो मागत नाही, "कॅमलचे द्या" असंच म्हणतात.)

मग मी अशी कधी झाले? पगार सुरू झाल्यावर, आणि त्यातही फोनवर खरेदी सुरू झाल्यावर. रात्री अकराला महिनाअखेरचं काम संपवून आडवं झालं की चित्र काढायचं त्राण नसतं, पण चित्रकार असल्यासारखं वाटायला हवं असतं. तेवढ्यासाठी अंगठा पुरतो. तीनशेचा ब्रश घेतला की डिलिव्हरी फुकट मिळायला अजून दोनशेचं काहीतरी लागतं, मग ती खोगीरभरती. नाल सापडली म्हणून घोडा घेतल्याची गोष्ट आपण हसून सांगतो. मी चित्रांसाठी लाकडी घडीची पेटी घेतली, मग पेटीत बसतील असे ब्रश आणि पेटीला शोभेल अशी कॅनव्हासची पिशवी. पेटी एकदाच सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत गेली, तेही आम्ही पिठलं-भाकरी खायला गेलो होतो म्हणून.

सगळ्यात लाज वाटावी असा प्रसंग म्हैसूरचा. जगनमोहन पॅलेसमध्ये सा. ल. हळदणकरांचं ते हातात दिवा धरलेल्या बाईचं चित्र आहे. दिव्याचा उजेड तिच्या बोटांतून, चेहऱ्यावरून जो काही पसरलाय, तो तेलरंगात नाही, जलरंगात आहे, हे समोर उभं राहूनही पटत नाही. मी वीस मिनिटं हलले नाही. घशाशी आलं होतं काहीतरी. आणि त्या रात्री हॉटेलवर परतून मी काय केलं? कागद-पेन्सिल काढली? छे. चोवीस रंगांचा सेट मागवला.

आता पहिला प्रश्न. या मोसमात आवडलेल्या वस्तू. यातल्या बऱ्याचशा नव्या नाहीत, हे आधीच सांगते.

पहिल्या नंबरावर दोन ट्यूबा: अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना, म्हणजे भाजलेल्या विटेसारखा तांबूस. ऑगस्टअखेरपर्यंत बाकीच्या 39 ट्यूबांना हात लावायचा नाही असं ठरवलं आणि या दोनच बाहेर ठेवल्या. निळा जास्त घेतला की पाऊस भरून आल्यासारखा गार करडा येतो, सिएना जास्त घेतला की मुठेच्या गढूळ पाण्याचा. दोन्ही घट्ट घेतले तर जवळपास काळा. पाच कंपन्यांचा पेन्स ग्रे घेऊन बसलेल्या बाईला हे कळायला चाळिशी ओलांडावी लागली! आणि हा घरी मिसळलेला करडा नळीतल्या करड्यापेक्षा बरा, कारण वाळताना त्यातला निळा आणि तांबूस जरा जरा वेगळे होतात आणि ढगाला आतून पोत येतो.

पावसाळ्यात जलरंग वाळत नाहीत म्हणून सगळे कुरकुरतात, मीही करायचे. पण ओल्या कागदावर ओला रंग सोडून ढग काढायचे असतील तर याच्यासारखा मोसम नाही. एप्रिलमध्ये दुपारी ढगाची एक कड मऊ करेपर्यंत दुसरी वाळून कडक होते. जुलैत कागद इतका वेळ ओला राहतो की रंग सोडा, फोडणी टाकून या, तोवर तो आपला आपण पसरत असतो. या पावसाळ्यात मी बाल्कनीतून दिसणारी टेकडी तेवीस वेळा रंगवली. त्यातल्या चार बघण्यासारख्या झाल्या. एकीत टेकडी नाहीच, नुसता ढग आहे, आणि तीच सगळ्यात बरी आहे.

दुसरी वस्तू कागद. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, 1940 पासूनची. तिथे सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद बनतो. मी तिथून जाड, खरखरीत कागद सुटा आणला, मोजून सहा ताव, आणि एकेकाचे आठ तुकडे केले. या कागदावर रंग खोडून उचलता येत नाही, पडला तो पडला. त्याची आधी चिडचिड व्हायची, आता हात जपून पडतो.

इथे आईशी माझा थोडा मतभेद आहे. साहित्याला नावं ठेवली की ती म्हणायची, नाचता येईना अंगण वाकडं. पण जलरंगात कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं. शाळेच्या चित्रकलेच्या वहीचा पातळ कागद पाणी लागलं की लाटांसारखा वर येतो आणि रंग त्या खळग्यांत साचतो. त्यावर कोणाचाच ढग धड होणार नाही. त्यामुळे पैसे घालायचेच तर कागदात घाला, रंगांच्या संख्येत नको. आणि आणलेला कागद त्याच वर्षी वापरा.

ब्रश एकच, सिंथेटिक केसांचा, गोल, आठ नंबर. टोक आलं की त्यानेच विजेच्या तारा, आडवा धरला की त्यानेच आकाश. ब्रशवरून आठवलं, एका दुकानात मला "ओरिजिनल केसांचा" म्हणून हळूच एक ब्रश दाखवला होता. ते मुंगसाचे केस असतात. मुंगूस 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे आणि त्या ब्रशांचा धंदा बेकायदा आहे. कोणी असं कौतुकाने दाखवलं तर घेऊ नका. सिंथेटिकने माझ्यासारखीचं काहीही अडत नाही.

चौथी वस्तू फुकट: आईच्या जुन्या सुती साडीचा हातभर तुकडा, ब्रश टिपायला. टिश्यूची आख्खी खोकी घेत होते मी इतकी वर्षं.

आणि हो, वड्यांची पेटी वापरत असाल तर काम झाल्यावर लगेच झाकण लावू नका. जलरंगात बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक असतो, तो आणि ओल म्हणजे बुरशीला मेजवानीच. रात्रभर पंख्याखाली उघडी राहू द्या. मी हे एक हिरवी वडी पांढरी झाल्यावर शिकले.

तुम्ही अगदी नव्याने सुरू करत असाल तर दोन रंग, एक ब्रश, थोडा जाड कागद आणि घरातली एक पांढरी बशी, एवढ्यावर पावसाळा निघतो. 500-600 रुपयांत बसावं. नंतर पिवळा हवासा वाटेल, तेव्हा पिवळा घ्या. आमच्याकडे आता कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय: वस्तू, आणलेली तारीख, उघडलेली तारीख, संपलेली तारीख. ऑफिसात वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या मालाची नोंद ठेवली, घरच्या मालाची आता ठेवतेय. शेवटचा रकाना बराच काळ कोराच होता.

परवा त्यात पहिली नोंद झाली. अल्ट्रामरीनची ट्यूब संपली. आधी लाटण्याने दाबून पाहिली, मग कात्रीने पोट फाडून आतला रंग ब्रशने पुसून घेतला, त्यात अजून दोन टेकड्या निघाल्या. शनिवारी अप्पा बळवंत चौकात जाऊन दुसरी आणणार आहे. फक्त तेवढीच. फोनवरच्या कार्टमध्ये तीन वस्तू पडून आहेत, त्यातला एक पेन्स ग्रे आहे, हेही सांगून टाकते.