वाचकांचे प्रश्न : स्पायडरमॅन, पण १८९२ सालचा

प्रश्न : महाविद्यालयातील वेशभूषा स्पर्धेसाठी मी स्पायडरमॅनचा पोशाख स्टीमपंक शैलीत, म्हणजे व्हिक्टोरियन काळातील वाफेच्या यंत्रांची छाप देऊन, तयार करत आहे. तयार मिळालेल्या लायक्राच्या पोशाखावर सोनेरी दंतचक्रे चिकटवली आणि कपाळावर गॉगल चढवला, तरीही तो जुन्या काळातला वाटत नाही. काय चुकले असेल? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दोष दंतचक्रांपेक्षा त्यांच्याखालच्या कापडाचा आहे. राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ ते १९०१ अशी होती आणि लायक्राचा धागा १९५८ सालचा, त्यामुळे त्याची चकाकी नजरेला पहिल्याच क्षणी खटकते. उंचावरून झोके घेणाऱ्या या नायकाचा त्या काळातला भाऊबंद शोधायचा, तर तो सर्कशीत सापडेल. झ्यूल लेओतार या फ्रेंच कसरतपटूने १८५९ साली पॅरिसमध्ये झुल्यावरच्या कसरती करून दाखवल्या आणि त्याच्या अंगासरशी बसणाऱ्या विणलेल्या पोशाखाला पुढे त्याचेच नाव मिळाले. तेव्हा आत सुती किंवा लोकरी होजिअरी आणि वर घट्ट वेस्टकोट, अशी जोडी करावी. पाठीवरची चेन मात्र काढून टाकावी, कारण नीट चालणारी चेन १९१३ च्या सुमारास आली; तिच्या जागी हूक किंवा नाडी ओवण्याची भोके ठेवावीत. जाळ्याच्या रेषा छापलेल्या नकोत. त्या काळच्या सैनिकी डगल्यांवर गोफासारखी फीत शिवलेली असे, तशी काळी दोरी टाक्यांनी बसवावी. लाल रंगही भडक नको, मंजिष्ठेकडे, म्हणजे त्या वनस्पतीच्या मुळांपासून मिळणाऱ्या लाल रंगाकडे, झुकणारा असावा.

गॉगल कपाळावर ठेवण्यात काहीच अर्थ नाही. तोच मुखवट्यात डोळ्यांच्या जागी शिवून घ्यावा. त्याच्या कड्या आणि छातीवरचा कोळी तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या कारागिरांच्या तांबट आळीत मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून घडवण्याचे काम, करून घेतल्यास ठोक्यांच्या खुणांनी जे तेज येते, ते सोनेरी रंगाने येणार नाही.

खरी गंमत मनगटावरच्या जाळे फेकणाऱ्या यंत्रात आहे. मूळ कथेत पीटर पार्कर हे यंत्र आणि त्यातला द्रव स्वतः बनवतो आणि मधली दोन बोटे तळव्यावर दाबून तो उडवतो. ही कल्पना व्हिक्टोरियन काळाला मुळीच परकी नाही, कारण विजेच्या दिव्यासाठी चांगली तार शोधताना इंग्रज संशोधक जोसेफ स्वान यांनी सेल्युलोजचे, म्हणजे वनस्पतींतल्या तंतुद्रव्याचे, द्रावण बारीक छिद्रातून दाबून धागा काढला होता, आणि १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात फ्रेंच संशोधक शार्दोने यांनी याच जातीचे कृत्रिम रेशीम मांडले होते. (ते झटकन पेट घेई, म्हणून आपल्या नायकाने गॅसच्या दिव्यांपासून जरा लांबच राहावे.)

द्रव दाबण्यासाठी आपल्या आजीचा पंपाचा स्टोव्ह आठवावा. हा स्टोव्ह १८९२ साली स्वीडनमध्ये निघाला, म्हणजे तो अगदी याच काळातला आहे. जुन्या बाजारातून मोडीतल्या स्टोव्हचा पितळी पंप आणावा, त्याचा दांडा आणि चामडी वायसर तशीच राहू द्यावी आणि तो दोन चामडी पट्ट्यांनी मनगट व कोपर यांच्यामध्ये बांधावा. दोर परत गुंडाळण्यासाठी शेजारी एक चकती लागेल. तिला एक दंतचक्र आणि ती उलटी फिरू नये म्हणून एक खटका पुरे. चिकटवलेली बाकीची सर्व दंतचक्रे उतरवावीत, कारण त्यांना काही कामच नाही.

रंगमंचावर पंपात हवा किंवा द्रव भरू नये. चकतीवर क्रोशाचा पांढरा दोरा गुंडाळून तोच हाताने सोडावा.