केसच्या कानांमधला नंबर: जुन्या घड्याळांविषयी तुमचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत विचारणा एकच आहे: घड्याळावरच्या नंबरावरून त्याचं साल कसं काढायचं? त्यातली निवडक पत्रं घेतो.

प्रश्न: वडील १९७८ साली कुवेतहून कायमचे परत आले, तेव्हा हातात रोलेक्स डेटजस्ट होतं. आता वडील नाहीत. घड्याळ नेमकं कधीचं हे मला जाणून घ्यायचंय, पण मागच्या झाकणावर काहीच लिहिलेलं नाही. नंबर असतो कुठे? (नाशिक)

उत्तर: झाकणावर शोधू नका. त्या काळातल्या रोलेक्सचा नंबर केसच्या (म्हणजे घड्याळाच्या धातूच्या बाहेरच्या अंगाच्या) कडेवर, पट्टा जिथे बसतो त्या दोन कानांच्या मध्ये कोरलेला असतो. सहाच्या बाजूला सीरियल नंबर आणि बाराच्या बाजूला रेफरन्स नंबर. गाडीच्या भाषेत सांगायचं तर रेफरन्स म्हणजे मॉडेल आणि सीरियल म्हणजे चॅसिस नंबर. पट्टा काढल्याशिवाय दोन्ही दिसत नाहीत. तो घरी सुरीने किंवा स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. स्प्रिंगबार, म्हणजे पट्टा धरून ठेवणारी बारीक दांडी, निसटतो आणि कानांवर कायमचे ओरखडे पडतात. घड्याळजीकडे पाच मिनिटांचं काम आहे. तिथे चाळीस वर्षांचा मळ साचलेला असणार, तो लाकडी टूथपिकने हलकेच काढायला सांगा. तारेचा ब्रश लावू देऊ नका.

नंबर सात आकडी निघेल. तो चाळीस लाखांच्या घरातला असेल तर केस साधारण १९७०च्या दशकाच्या मध्यावरची. पन्नास लाख ओलांडले असतील तर १९७७-७८च्या आसपासची. ‘साधारण’ म्हणतो, कारण रोलेक्सने नंबर आणि सालांचा तक्ता कधीच जाहीर केलेला नाही. जे तक्ते सगळीकडे फिरतात ते संग्राहकांनी जुनी बिलं आणि वॉरंटीचे कागद जुळवून बनवलेले आहेत. त्यांत एखाद-दोन वर्षांची ओढाताण धरूनच चालायचं. शिवाय नंबर केसवर पडला तो दिवस वेगळा आणि घड्याळ विकलं गेलं तो दिवस वेगळा. त्यामुळे नंबर १९७५चा निघाला आणि वडिलांनी ते १९७८मध्ये घेतलं असेल, तर त्यात खोट काढू नका. दुकानाच्या कपाटात दोन-तीन वर्षं पडून राहिलेली घड्याळं कितीतरी होती.

पट्टा न काढता घरच्या घरी करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. चावीची स्क्रू सोडवून ती एक खटका बाहेर ओढा आणि फिरवा. तारीख तिथल्या तिथे बदलली तर आत १९७७मध्ये आलेलं ३०३५ नंबरचं मशीन असायला हवं आणि रेफरन्स पाच आकडी, म्हणजे १६०१४ किंवा त्याच घरातला. तारीख बदलायला काटे बारावरून पुढे न्यावे लागत असतील, तर ते आधीचं, १६०१च्या पिढीतलं डेटजस्ट. आता हे आणि सीरियल एकमेकांशी जुळतंय का ते बघा. ही जुळणी बघण्याची सवय लावून घ्या. पुढच्या प्रत्येक उत्तरात मी तेच सांगणार आहे.

प्रश्न: मुंबईतला एक विक्रेता रोलेक्स सबमरीनर देतोय. म्हणतो ‘के सीरीज, २००१चं’. फोटोत नंबर काचेच्या आतल्या चकचकीत कड्यावर सहापाशी स्पष्ट दिसतोय. घेऊ का? (ठाणे)

उत्तर: थांबा. पैसे दिले असतील तर आजच फोन करा.

रोलेक्सचे नंबर सरळ रेषेत वाढत गेलेले नाहीत. १९५३-५४च्या सुमारास ते दहा लाखांच्या जवळ पोचले आणि पुन्हा खालून सुरू झाले. म्हणूनच जुन्या सहा आकडी नंबरावरून एकाच वेळी दोन सालं निघू शकतात. १९८७मध्ये सात आकडे संपले, तेव्हा नंबराआधी इंग्रजी अक्षर लावायला सुरुवात झाली. पहिलं अक्षर आर, मग एल, ई, एक्स असा क्रम. तो वर्णमालेप्रमाणे नाही, म्हणून पाठ करावा लागतो. के साधारण २००१, वाय २००२, झेड २००६, एम २००७ आणि जी २०१०च्या आसपास. २०१०नंतर अक्षरं आणि आकडे सरमिसळ आले आणि नंबरावरून साल काढण्याचा दरवाजा बंद झाला. त्यानंतरच्या घड्याळाचं वय सांगायला वॉरंटी कार्डच लागतं.

आता तुमचा फोटो. आतल्या कड्यावर नंबर कोरणं रोलेक्सने साधारण २००५पासून हळूहळू सुरू केलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तो कानांमधून पूर्णपणे तिकडे हलवला. मग २००१च्या घड्याळाच्या कड्यावर तो आला कुठून? विक्रेत्याला हा प्रश्न याच शब्दांत विचारा. ‘सर्व्हिसमध्ये केस बदलली’ असं उत्तर आलं तर कंपनीच्या सर्व्हिसचा कागद मागा. कागद नसेल तर विषय संपला.

कानांमधलं कोरीवकामही पाहून घ्यावं. आयग्लास, म्हणजे घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग, लावून दिव्याखाली घड्याळ तिरकं धरा. त्या काळच्या अस्सल केसवर आकड्यांच्या रेषा धारदार असतात आणि प्रकाश त्यांच्या आतून चमकतो. ॲसिडने उठवलेल्या नकली आकड्यांचा तळ वाळू शिंपडल्यासारखा, ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की डोळा कायमचा तयार होतो.

प्रश्न: आजोबांचं ओमेगा आहे. घड्याळजीने उघडून दिलं तर झाकणाच्या आत एक चार आकडी नंबर आणि मशीनवर १४ने सुरू होणारा आठ आकडी नंबर. खरा कोणता? आणि ओमेगाकडून लेखी दाखला मिळतो असं ऐकलंय, तो मागवावा का? (सांगली)

उत्तर: दोन्ही खरे, काम वेगवेगळं. झाकणातला नंबर मॉडेलचा, तर मशीनच्या पुलावरचा, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्टीवरचा, आठ आकडी नंबर त्या एका घड्याळाचा. ओमेगाचे नंबर बराच काळ एकामागून एक चढत गेले: एक कोटी १९४४च्या सुमारास, दोन कोटी १९६३-६४च्या सुमारास. त्या हिशेबाने १४ने सुरू होणारा नंबर १९५४च्या आसपासचा. आजोबांच्या लग्नाचं किंवा नोकरीला लागल्याचं साल त्याच्याशी जुळतंय का, घरातल्या मोठ्यांना विचारा. ते उत्तर कुठल्याही तक्त्यापेक्षा मोलाचं असतं.

मात्र ओमेगाचा हा नंबर मशीनवर आहे आणि मशीन बदलता येतं. माझ्याकडे एक गृहस्थ वडिलांचं ओमेगा घेऊन आले होते. केस, काटे, डायल सगळं पन्नासच्या दशकातलं, आणि मशीनचा नंबर १९६६नंतरचा. त्यांचा चेहरा उतरला, त्यांना वाटलं वडिलांना कुणीतरी गंडवलं. तसं काही नव्हतं. आयातीवर कडक बंधनं होती त्या काळात आपल्याकडे स्विस पार्ट मिळणं महाकठीण. चालतं घड्याळ बंद पडलं तर कारागीर दुसऱ्या पडीक घड्याळाचं मशीन त्यात बसवून देत. गिऱ्हाइकाला घड्याळ चालायला हवं होतं आणि ते चालत होतं. अशा घड्याळाला मी नकली म्हणत नाही. बाजारात त्याची किंमत कमी येईल, हे मात्र स्पष्ट सांगतो.

दाखल्याचं म्हणाल तर ओमेगाने आपल्या नोंदींतून उतारा देण्याची सेवा २०२३मध्ये थांबवली. त्या सुमाराला जे घडलं ते घड्याळाला हात लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं. नोव्हेंबर २०२१मध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलाव कंपनीच्या लिलावात ओमेगाचं पहिल्या पिढीतलं स्पीडमास्टर, रेफरन्स २९१५-१, विकलं गेलं. काळी डायल उन्हाने आणि वयाने सुरेख तपकिरी झालेली. किंमत ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेली. विकत घेणारं कोण, तर ओमेगाचंच संग्रहालय. २०२३मध्ये उघड झालं की ते घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून जुळवलेलं होतं. त्यात आपलेच माजी कर्मचारी गुंतले होते, असं कंपनीनेच जाहीर केलं. बहुतेक भाग अस्सल होते, फक्त ते एका घड्याळाचे नव्हते.

मला या प्रकरणाचं अजून वाईट वाटतं. ज्या दप्तरावर जगभरच्या लोकांनी डोळे मिटून भरवसा ठेवला, त्याची राखण करणाऱ्या घरातच हे झालं. म्हणून आता कोणी जुना उतारा दाखवला तर तो जरूर वाचा, पण लगेच घड्याळ उघडून मशीनचा प्रकार, केसचा रेफरन्स, डायल आणि काटे उताऱ्याशी एकेक करून ताडून पाहा. उतारा सांगतो की अमुक नंबरचं घड्याळ कारखान्यातून निघालं. समोर आहे ते तेच घड्याळ, हे तो सांगू शकत नाही.

प्रश्न: काका, सेकोचं जुनं क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचवालं घड्याळ, मिळालंय. मागे ६१३९-६००२ आणि खाली ७एनने सुरू होणारा सहा जागांचा नंबर. (कोल्हापूर)

उत्तर: सेकोने हे काम सोपं केलंय. सीरियलची पहिली जागा सालाचा शेवटचा आकडा, दुसरी महिना. एक ते नऊ सरळ, ऑक्टोबरला शून्य किंवा ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. म्हणजे ७एन हा सातने संपणाऱ्या सालातला नोव्हेंबर. दशक मशीनवरून ठरतं. ६१३९ हे मशीन १९६९मध्ये आलं आणि सत्तरचं दशक सरता सरता थांबलं, म्हणून तुमचं घड्याळ नोव्हेंबर १९७७चं. याच ६१३९ कुळातलं पिवळ्या डायलचं घड्याळ विल्यम पोग या अंतराळवीराने १९७३मध्ये स्कायलॅबवर नेलं होतं. जपून वापरा.

प्रश्न: आईकडे सोन्याचं स्विस घड्याळ आहे, पेटी नाही, कागद नाहीत. आत बाईच्या चेहऱ्याचा बारीक शिक्का दिसतो. यावरून काही कळतं का? (पुणे)

उत्तर: बरंच कळतं. तो हेल्वेशियाचा, म्हणजे स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीचा शिक्का, १८ कॅरेट सोन्यासाठीचा स्विस सरकारी. १९९५पासून त्याची जागा सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या डोक्याने घेतली. म्हणजे केस १९९५च्या आधीची. डायलवर अगदी खाली सहाच्या दोन्ही बाजूंना ‘स्विस’च्या आजूबाजूला इंग्रजी टी अक्षर आहे का तेही बघा. असेल तर आकड्यांवरचं चमकणारं द्रव्य ट्रिटियम, आणि डायल साधारण साठच्या दशकापासून नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंतची. घड्याळ पाटेक फिलिपचं असेल तर केस आणि मशीन, दोन्हींचे वेगळे नंबर उतरवून घ्या. कंपनी त्या दोन्ही नंबरांवरून आपल्या दप्तरातला उतारा देते आणि त्यात घड्याळ बनल्याचं साल आणि विक्रीची तारीख असते. इथे नंबर दोन असल्यामुळे अदलाबदल झाली असेल तर ती पकडली जाते.

प्रश्न: घ्यायचं म्हणून पाहिलेल्या रोलेक्सवर नंबर जवळजवळ पुसला गेलाय. विक्रेता म्हणतो, पट्ट्याने घासून गेला. खरं असेल? आणि ते चोरीचं नाही ना, हे कसं बघायचं? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: खरं असू शकतं. स्टीलच्या पट्ट्याचं टोक तीस-चाळीस वर्षं त्याच जागी घासतं आणि आकडे झिजतात. पण ती झीज वेडीवाकडी असते. एखादा आकडा अर्धा गेलेला, शेजारचा शाबूत, आणि बाराच्या बाजूचा रेफरन्सही तसाच झिजलेला. एका बाजूचा रेफरन्स ठसठशीत आणि समोरची सीरियलची जागा आरशासारखी सपाट असेल, तर ती कानशीने किंवा पॉलिशच्या चाकावर घालवलेली आहे. असं घड्याळ कितीही स्वस्त मिळालं तरी मी हातात घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नका. ज्या घरातून ते गेलं, तिथे कुणीतरी अजून शोधत असेल.

नंबर वाचता येत असेल तर लंडनच्या ‘द वॉच रजिस्टर’कडे किंवा रिशमाँ या स्विस घड्याळ-दागिने समूहाने २०२३मध्ये सुरू केलेल्या ‘एन्क्वायरस’वर तपासा. दोन्हीकडे चोरीच्या आणि हरवलेल्या घड्याळांची नंबरवार नोंद असते. विक्रेत्याकडून पक्कं बिल घ्या आणि त्यावर रेफरन्स आणि सीरियल दोन्ही लिहून घ्या. ‘एक नग घड्याळ’ एवढंच लिहिलेलं बिल पोलीस ठाण्यात किंवा विम्याच्या दाव्यात तुमच्या काही उपयोगाचं नाही.

पुढे कधी विकायला काढलंत तर जाहिरातीतल्या फोटोत नंबराचे शेवटचे तीन-चार आकडे झाका. नकली घड्याळं बनवणारे खऱ्या घड्याळांचे नंबर असेच उचलतात. पूर्ण नंबराचा फोटो मात्र आजच काढून बिलासोबत घरात ठेवा, आणि तो कुठे ठेवलाय हे घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा.