ॲमस्टरडॅम-लंडन दर वीकेंडला जमेल का? अंतरापेक्षा व्हिसाचं बघा

नवरा लंडनला स्किल्ड वर्कर व्हिसावर, तुम्हाला ॲमस्टरडॅमची ऑफर, आणि फ्लाइट तासाभराची आहे तर दर वीकेंडला भेटता येईल का असं विचारलंयत. येईल, पण आधी नीट हिशोब करा.

अंतर सरळ रेषेत ३७० किमीच्या आसपास, म्हणजे मुंबईहून कोल्हापूरला रस्त्याने जातो साधारण तेवढंच. हवेत पाऊण तास, पण तिकिटावर सव्वा तास धरतात कारण ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाची पोल्डरबान धावपट्टी टर्मिनलपासून इतकी दूर आहे की विमान हायवेवरच्या पुलावरून चालत टर्मिनलला येतं, त्यातच दहा-पंधरा मिनिटं जातात. लंडनचं घड्याळ एक तास मागे, त्यामुळे इथून सहाला निघालं की तिकडे सव्वासहा दिसतात आणि येताना तोच प्रवास सव्वादोन तासांचा वाटतो, रविवारी रात्री ते जाणवतं. दारापासून दारापर्यंत पाच तास धराच. युरोस्टार ट्रेन ॲमस्टरडॅम सेंट्रल ते लंडनचं सेंट पॅनक्रस स्टेशन चारेक तासात नेते, वर चेक-इनचा वेळ, पण उतरता ते थेट शहरात. लंडन सिटी एअरपोर्ट मला हीथ्रोपेक्षा कितीतरी सोयीचा वाटतो, फक्त तो शनिवारी दुपारपासून रविवारी दुपारपर्यंत बंद असतो, हे बुकिंग करताना ध्यानात ठेवा.

आता खरा मुद्दा. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही; नेदरलँड्स आहे. तुमचं डच रहिवासी कार्ड तिकडच्या बॉर्डरवर चालत नाही आणि तुमच्या नवऱ्याच्या ब्रिटिश व्हिसावर इकडे येता येत नाही, भारतीय पासपोर्टवर दोघांनाही वेगळा व्हिजिटर व्हिसा लागणारच. त्यांना शेंगेनचा ९०/१८० नियम लागू होईल, म्हणजे कुठल्याही १८० दिवसात जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि त्यात आल्याचा दिवस आणि गेल्याचा दिवस दोन्ही मोजतात. शुक्रवारी संध्याकाळी येऊन रविवारी परत गेले तर तीन दिवस, १८० दिवसात साधारण २६ वीकेंड, म्हणजे ७८, बसतं. पण सोमवारी पहाटेची फ्लाइट धरली की चार दिवस होतात आणि बेरीज जाते १०४ वर! ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद ठेवणारी नवी सिस्टिम सुरू झालीय, त्यामुळे एक दिवस जास्त झाला तरी लगेच दिसतो. तुम्ही दर आठवड्याला लंडनला जायला लागलात तर तिकडचा ऑफिसरही विचारणार की तुम्ही व्हिजिटर आहात की राहताच इथे, म्हणून आलटून पालटून जा आणि नोकरीचं पत्र, घराचा करार जवळ ठेवा.

माझं ऐकाल तर ऑफर साइन करायच्या आधीच त्यांना लंडनमधून शेंगेनचा अर्ज टाकायला सांगा, मल्टिपल एंट्रीच मागायची. अर्ज चालू असताना पासपोर्ट तिकडे जमा राहिला तर त्या काळात ते कुठेच जाऊ शकत नाहीत, तेव्हा दिवाळीची भारताची तिकिटं त्याच्यात अडकवू नका. आणि घर ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या ॲमस्टेलव्हीनला बघा, स्किपोलला थेट बस आहे आणि आपली माणसंही भरपूर आहेत.