डॉक्टरताईंना विचारा: डोकं दुखताना तुम्ही करता काय?

प्रश्न: मी यावल तालुक्यातली, वय 36. लग्नाआधीपासून अर्धं डोकं ठणकतं. पाळीच्या आधी, एकादशीच्या उपासाला, नाहीतर भर उन्हात केळीच्या बागेत जाऊन आले की हमखास. उलटी झाली की बरं वाटतं, म्हणून सासूबाई म्हणतात पित्त आहे. दिवाळीपासून मात्र रोज उठतानाच सगळं डोकं जड असतं. मेडिकलवरची गोळी घेतल्याशिवाय कामाला हात लागत नाही. मेंदूत गाठ तर नसेल?

उत्तर: ताई, अमळनेरच्या माझ्या दवाखान्यात बाया येतात त्या कपाळाला फडकं बांधूनच. ‘डोकं ठणकस’ एवढं सांगितलं की त्या गप्प. कुठं दुखतं हे त्यांना सगळेच विचारतात. मी विचारते, दुखायला लागलं की तुम्ही करता काय? एखादी दार लावून अंधारात पडते, पोरांना टीव्ही बंद करायला लावते, तिला फोडणीचा वासही सोसत नाही. तिची बहुधा अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन. औषध न घेतल्यास हे 4 ते 72 तास टिकतं आणि हललं-चाललं की वाढतं. दुसरी कुरकुरत का होईना, भाकरी थापत राहते. तिचं डोकं ताणाचं: दोन्ही बाजूंनी आवळून धरल्यासारखं, ठणका नाही, उलटी नाही.

तुमचं जुनं दुखणं अर्धशिशीचंच वाटतं. पित्तामुळे डोकं चढत नाही. अर्धशिशीच पोट ढवळून काढते. (सासूबाईंशी वाद मात्र घालू नका. उलटीनंतर बऱ्याच जणींना खरंच उतार पडतो.)

दिवाळीपासूनचं दुखणं वेगळं आहे, आणि माझा संशय त्या गोळीवरच आहे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस, कॅफिन वगैरे मिसळलेली 10 किंवा जास्त दिवस, असं 3 महिन्यांच्या वर चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. तिचा असर उतरला की डोकं पुन्हा चढतं, आपण पुन्हा गोळी घेतो. ती बंद केल्यावर सुरुवातीला दुखणं वाढतं, मग हळूहळू कमी होतं. म्हणून आखाजीला माहेरी सगळ्या जमल्या असताना हा प्रयोग नको, आणि डॉक्टरांना न सांगता तर नकोच. झटके कमी यावेत म्हणून रोज घ्यायची औषधं निराळी असतात. त्यातलं प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्याला चालत नाही, तेव्हा दमा असेल तर आधी सांगा. झटक्यावरची गोळी मात्र दुखणं सुरू होताच घ्यायची, सहन करून करून संध्याकाळी नाही. एकादशीला निर्जळी नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, तेव्हा बागेतली कामं सकाळीच उरका.

दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी, चमकत्या रेषा येतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. या रेषा 5 मिनिटं ते तासभर राहतात आणि जातात. येत असतील तर इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी टाळा, तिनं पक्षाघाताचा धोका वाढतो. गाठीचं म्हणाल, तर वर्षानुवर्षं त्याच तऱ्हेनं येणारं आणि मधल्या दिवसांत पूर्ण थांबणारं दुखणं सहसा गाठीचं नसतं. पण रोजचं जडपण नवीन आहे, म्हणून बीपी आणि डोळ्यांचा मागचा पडदा एकदा तपासून घ्याच.

प्रश्न: आमच्या ह्यांचं वय 42, रेल्वेत आहेत, भुसावळला राहतो. महिन्यापासून रात्री एक-दीडला उजव्या डोळ्यामागे भयंकर दुखतं. तो डोळा लाल होतो, पाणी गळतं, त्याच बाजूचं नाक चोंदतं. तासाभरात थांबतं, तोवर हे अंगणात येरझाऱ्या घालतात, भिंतीवर डोकं आपटतात. दाढ काढूनही फरक नाही. शेजारी म्हणतात, बाहेरचं आहे.

उत्तर: बाहेरचं काही नाही. अर्धशिशीवाला हलायला तयार नसतो आणि तुमचे मिस्टर बसायला तयार नाहीत. ही क्लस्टर डोकेदुखी वाटते. झटका 15 मिनिटांपासून 3 तासांपर्यंत, बहुधा ठरल्या वेळी. असं काही आठवडे चालतं आणि मग महिनोन् महिने काही नाही. आणखी दाढा काढू नका. न्यूरॉलॉजिस्टना दाखवा, ते बहुधा एमआरआयही सांगतील. साध्या वेदनाशामकाचा असर व्हायच्या आत झटकाच संपतो, म्हणून मास्कनं शुद्ध ऑक्सिजन देतात, मिनिटाला 12 ते 15 लिटर; बऱ्याच जणांना पाव तासात आराम पडतो. सिलिंडर घरी आणलात तर त्याजवळ बिडी-सिगारेट पेटवायची नाही. झटक्यांचे दिवस असेपर्यंत दारूचा घोटही नको.

प्रश्न: वडील 68 वर्षांचे, शहादा तालुका. आयुष्यात डोकं दुखलं नव्हतं, आता पंधरा दिवस कानशील दुखतं. भाकरी चावताना जबडा दुखून येतो. काल एका डोळ्यानं थोडा वेळ अंधुक दिसलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल का?

उत्तर: दादा, या पत्राला अंकाची वाट पाहण्यात अर्थ नव्हता, संपादकांनी तुम्हाला त्याच दिवशी फोन केला. छापतोय ते इतरांसाठी. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं डोकं, कानशील दुखणं, चावताना जबडा दुखणं, नजर अंधुक होणं: कानशिलाच्या धमनीला सूज आल्यावर असं होतं. ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या करतात, पण दाट संशय असेल तर डॉक्टर स्टेरॉइड त्याच दिवशी सुरू करतात, कारण डोळ्याची गेलेली नजर सहसा परत येत नाही. चष्म्याच्या दुकानात जाऊन एकही दिवस घालवू नका. क्षणात कळस गाठणारं दुखणं, ताप आणि मान आखडणं, बोलणं अडखळणं, हातपाय लुळे पडणं, पडल्या-आपटल्यानंतर वाढत जाणारं दुखणं, यांपैकी काही असेल तर पत्र लिहीत बसू नका. 108 ला फोन करा.