मेकॅनिकल झालंय, इन्शुरन्स क्लेम अ‍ॅडजस्टर कसं व्हायचं?

आपल्याकडे त्याला अ‍ॅडजस्टर नाही, सर्व्हेअर म्हणतात, पूर्ण नाव सर्व्हेअर अँड लॉस असेसर, म्हणजे क्लेममध्ये नुकसान किती झालं ते तपासणारा, आणि लायसन्स आयआरडीएआयचं, म्हणजे विमा क्षेत्राच्या सरकारी नियामकाचं लागतं. तुझी इंजिनिअरिंगची डिग्री चालते, सीए आणि कॉस्ट अकाउंटंटवाले पण येतात.

आधी आयआरडीएआयकडे ट्रेनी म्हणून नाव नोंदवायचं, मग लायसन्स असलेल्या सर्व्हेअरच्या हाताखाली 12 महिने ट्रेनिंग. खरी अडचण इथेच आहे, कारण चांगला सर्व्हेअर शिकवायला तयार होणं अवघड आणि हातात पैसे फारसे पडत नाहीत, त्यामुळे वर्षभराच्या खर्चाची सोय आधीच बघून ठेव. पण शिकणं तिथेच होतं, गॅरेजमध्ये उभं राहून बंपर या अपघातात तुटला की आधीच तुटलेला होता ते ओळखायचं, एस्टिमेटमधला फुगवटा काढायचा, डेप्रिसिएशन म्हणजे जुन्या पार्टची घटलेली किंमत वजा करायची. परीक्षा मुंबईची इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया घेते, ती मात्र अभ्यास केला तर निघते.

मोटर, फायर, मरीन, इंजिनिअरिंग असे डिपार्टमेंट असतात, तुला मोटर आणि इंजिनिअरिंग सोपं जाईल. फायरमध्ये फी बरी मिळते पण जळालेल्या गोडाऊनमध्ये स्टॉक मोजायची तयारी हवी.

आणि लगेच पगार हवा असेल तर सरळ जनरल इन्शुरन्स कंपनीत मोटर क्लेम्सच्या जॉबला अप्लाय कर, डीलरच्या बॉडीशॉपमधला अनुभव असेल तर इंटरव्ह्यूत आवर्जून सांग, तिथे तोच बघतात.